घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो आणि दुखणे थांबल्यानंतर काय करावे

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाबद्दल आहे हे इतर वाचकांनाही कळेल. पाच महिन्यांपूर्वी बॅडमिंटन खेळताना उडीवरून खाली येत असताना तुमचे उजवे पाऊल आत वळले आणि घोटा मुरगळला. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. तीन आठवडे क्रेप बँडेज बांधून तुम्ही विश्रांती घेतली, सूज उतरली, दुखणे थांबले आणि तुम्ही पुन्हा खेळायला लागलात. त्यानंतर तोच घोटा आणखी दोनदा मुरगळला, एकदा खेळताना आणि एकदा साधा जिना उतरताना. लिगामेंट (दोन हाडांना जोडणारा चिवट पट्टा) कायमचे सैल झाले आहे का, शस्त्रक्रिया करावी लागेल का आणि खेळ सोडून द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

शस्त्रक्रियेचा विचार करण्याची वेळ अजून आलेली नाही आणि खेळ सोडण्याचे कारण तर मला मुळीच दिसत नाही. तुमच्या हकिकतीत मला खटकली ती एकच गोष्ट: ज्या दिवशी दुखणे थांबले त्याच दिवशी उपचारही थांबले. फिजिओथेरपिस्ट म्हणून इतकी वर्षे काम करताना पुन्हा पुन्हा मुरगळणारे जे घोटे मी पाहिले, त्यांपैकी बहुतेकांच्या मागे हीच कहाणी होती. दुखणे थांबणे आणि घोटा बरा होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांच्यामध्ये काही महिन्यांचे अंतर असते, आणि दुसरी दुखापत होते ती बहुधा याच मधल्या काळात.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात. पाऊल आत वळले आणि अंगाचा भार त्यावर आला, की त्यांतले सर्वांत पुढचे लिगामेंट बहुतेक वेळा आधी ताणले जाते किंवा फाटते, आणि जोर जास्त असेल तर मधल्यालाही इजा होते. आता सांध्याची रचना पाहा. घोट्याच्या खोबणीत बसणारे हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागच्या बाजूला अरुंद असते. पाऊल सपाट टेकलेले असताना आणि गुडघा थोडा पुढे झुकलेला असताना त्याचा रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो; पण पायाची बोटे खाली झुकली, की खोबणीत अरुंद भाग येतो, हाडांचा आधार कमी होतो आणि सांधा तोलून धरण्याची जबाबदारी लिगामेंट आणि स्नायूंवर येते. उडीवरून खाली येताना पाऊल नेमके याच स्थितीत असते, आणि जिना उतरताना पुढचा पाय खालच्या पायरीला टेकतो त्या क्षणीही ते याच स्थितीत असते. तुम्हाला वेगवेगळे वाटणारे हे प्रसंग घोट्याच्या दृष्टीने एकच आहेत. बोटे खाली असताना भार झेलणे त्याला अजून जमत नाही, आणि व्यायामांची निवड यावरूनच करायची आहे.

फाटलेले लिगामेंट भरून येताना पहिले काही दिवस सूज आणि दाह असतो. पुढचे काही आठवडे नवे तंतू तयार होतात, पण ते सुरुवातीला बारीक, कमकुवत आणि अस्ताव्यस्त असतात. त्यानंतर कित्येक महिने, कधी कधी वर्षभर, हे तंतू ताण ज्या दिशेने पडतो त्या दिशेने हळूहळू रचले जातात आणि जाड होत जातात. ताणच पडला नाही तर या रचनेला दिशाच मिळत नाही. दुखणे मात्र बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांतच थांबते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही मैदानावर परतलात तेव्हा लिगामेंटची जागा भरलेली होती, पण तिथला नवा भाग उडीचा भार झेलण्याइतका पक्का झालेला नव्हता.

याशिवाय आणखी एक नुकसान होते आणि ते एक्स-रेत दिसत नाही. लिगामेंट, सांध्याचे आवरण आणि भोवतालचे स्नायू यांमध्ये असे मज्जातंतू असतात, जे पाऊल कोणत्या कोनात आहे याची खबर सतत मेंदूकडे पाठवतात. मुरगळल्यावर ही खबर अपुरी आणि उशिरा पोहोचू लागते. ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांनी 1965 मध्येच ही गोष्ट मांडली होती आणि तोलाच्या व्यायामांनी घोट्याचा ‘दगा देण्याचा’ त्रास कमी होतो असे दाखवले होते. घोटा वळायला लागल्यापासून लिगामेंटला इजा होईपर्यंत सेकंदाचा अगदी छोटा अंश जातो. घोटा बाहेरून सावरणाऱ्या स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया बहुतेक वेळा तोवर पोहोचतच नाही. म्हणून ‘पाय वळला की सावरीन’ हा भरवसा खोटा ठरतो. पाऊल टेकण्याआधीच ते योग्य कोनात असावे लागते, स्नायू आधीच थोडे ताणलेले असावे लागतात, आणि ही पूर्वतयारी सरावानेच अंगवळणी पडते.

माझ्याकडे असा कोणी आला, की मी सर्वांत आधी त्याला बूट-मोजे काढून चांगल्या पायावर उभे राहायला सांगतो आणि मग दुखावलेल्या पायावर. चांगला पाय शांत असतो. दुखावलेल्या पायावर उभे राहिल्यावर बोटे जमीन घट्ट पकडू लागतात, पावलाच्या वरच्या बाजूच्या शिरा एकेक करून उठतात आणि बसतात, घोटा आत-बाहेर बारीक थरथरतो. मग मी डोळे मिटायला सांगतो. पाच-सहा सेकंदांत दुसरा पाय खाली टेकतो आणि आतापर्यंत ‘आता काही दुखत नाही’ असे सांगणारा माणूस स्वतःच आश्चर्याने खाली पाहतो. त्याला पुढे फारसे पटवून द्यावे लागत नाही. हीच तपासणी तुम्ही घरी, भिंतीजवळ उभे राहून करा. डोळे उघडे ठेवून 30 सेकंद स्थिर उभे राहता येते का, आणि डोळे मिटल्यावर दोन्ही पायांत किती फरक पडतो, हे लिहून ठेवा.

सोबत आणखी दोन मोजमापे घ्या. भिंतीकडे तोंड करून पाऊल जमिनीवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. गुडघा जेमतेम टेकतो अशा जागेपर्यंत पाऊल मागे सरकवत न्या आणि अंगठ्याचे भिंतीपासूनचे अंतर मोजा. दोन्ही पायांत दोन सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल तर घोटा अजून अखडलेला आहे. मुरगळलेला घोटा सैल असतो असे सर्वांना वाटते, पण पुढे झुकण्याच्या हालचालीत तो बहुधा ताठ झालेला असतो, आणि त्यामुळेच पाऊल घट्ट बसण्याच्या स्थितीत नीट येऊ शकत नाही. दुसरे मोजमाप पोटरीचे: एका पायावर उभे राहून, बोटांनी भिंतीचा नुसता आधार घेऊन, टाच पूर्ण उंचीपर्यंत किती वेळा उचलता येते ते मोजा. 20 ते 25 वेळा जमायला हवे, आणि मुख्य म्हणजे दोन्ही पाय सारखे असायला हवेत.

आता प्रत्यक्ष व्यायाम. तुम्हाला पाच महिने झाले आहेत आणि शेवटच्या मुरगळीची सूज उतरली आहे असे गृहीत धरून सांगतो. पहिले दोन आठवडे रोज गुडघा भिंतीकडे नेण्याची हालचाल सावकाश 15 वेळा, दोन-तीन फेऱ्या. दोन्ही पायांवर टाचा उचलणे आणि मग एका पायावर. इलॅस्टिक पट्टा चवड्याभोवती अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलणे. आणि दात घासताना एका पायावर उभे राहणे, एवढे पुरेसे आहे. दात घासण्याची गोष्ट मी जाणीवपूर्वक सांगतो, कारण वेगळा वेळ काढावा लागणारे व्यायाम दहा दिवसांत मागे पडतात.

तिसऱ्या आठवड्यापासून तोलाचे काम कठीण करा. एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने पुढे, बाजूला आणि मागे जमेल तितक्या लांब हलकेच स्पर्श करा. एका पायावर उभे राहून चेंडू झेला. घडी केलेल्या जाड टॉवेलवर उभे राहा. पायरीच्या कडेवर फक्त चवडा टेकवून टाच पूर्ण वर उचला आणि तीन-चार सेकंद घेत सावकाश पायरीच्या पातळीखाली न्या. तुमच्या बाबतीत हा व्यायाम सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बोटे खाली असलेल्या स्थितीत भार सांभाळायला तोच शिकवतो. टाच वर असताना अंगाचा भार अंगठ्याच्या बाजूला असावा. तो करंगळीकडे घसरत असेल तर तुम्ही मुरगळण्याचाच सराव करता आहात. सुरुवातीला हे आरशात पाहा, नुसत्या जाणिवेवर विसंबू नका.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास, वरची मोजमापे सारखी होत आली असतील तर उड्या सुरू करा: आधी दोन्ही पायांवर जागच्या जागी, मग पुढे-मागे आणि बाजूला, मग एका पायावर, आणि शेवटी दिशा बदलत. खाली येताना आवाज न करता उतरायचे आणि दोन सेकंद तिथेच स्थिर राहायचे. हा स्थिर राहण्याचा भाग लोक गाळतात, आणि नेमका त्यातच बॅडमिंटनसारख्या खेळासाठीचा सगळा उपयोग आहे.

किती दुखले तर चालेल, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. 0 ते 10 या मापावर व्यायाम करताना 3 पर्यंतचे दुखणे चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आले पाहिजे आणि सूज वाढता कामा नये. सूज वाढली तर एक पायरी मागे या, पण पूर्ण थांबू नका. घरी एकट्याने केलेल्या व्यायामाचा खरेच उपयोग होतो का, अशी शंका तुम्हाला येईल. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या 522 खेळाडूंचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटाने नेहमीच्या उपचारांच्या जोडीला आठ आठवडे, कोणाच्या देखरेखीशिवाय, घरी तोलाचे व्यायाम केले होते, आणि पुढच्या वर्षभरात त्या गटात पुन्हा मुरगळण्याचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी कमी आढळला. आठ आठवडे नेमाने केलेल्या साध्या व्यायामाचा हा परिणाम आहे, आणि तो औषधाच्या गोळीने मिळत नाही.

खेळायला परतण्यासाठी तारीख ठरवू नका, निकष ठरवा. एका पायावर पुढे मारलेल्या उडीचे अंतर चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के असावे, भिंतीचे आणि टाचेचे मोजमाप जवळजवळ सारखे असावे, आणि खेळातल्या हालचाली पूर्ण वेगाने करताना मनात धास्ती नसावी. ही धास्ती गंभीरपणे घ्या. पाऊल टाकताना जो माणूस कचरतो त्याचे स्नायू चुकीच्या वेळी आवळले जातात. परतल्यावर पहिले सहा महिने ते वर्षभर खेळताना लेसने बांधायचा ॲंकल ब्रेस वापरा. ज्यांचा घोटा आधी मुरगळला आहे त्यांना ब्रेसचा किंवा टेपचा स्पष्ट फायदा होतो. खेळताना ब्रेस घातल्याने स्नायू दुबळे होतात ही समजूत निराधार आहे. ब्रेस घालून व्यायाम सोडून दिले तर मात्र नक्कीच दुबळे होतात. साध्या क्रेप बँडेजने सूज दाबली जाते, घोटा वळण्यापासून रोखला जात नाही.

असे तीन महिने मन लावून करूनही घोटा दगा देत राहिला, आत खोलवर दुखत राहिले किंवा तो मध्येच अडकू लागला, तर एमआरआय आणि अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण कधी कधी सांध्याच्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला) इजा झालेली असते किंवा नडगीच्या दोन हाडांना जोडणारे वरचे लिगामेंट दुखावलेले असते. शस्त्रक्रियेची चर्चा त्यानंतरची.

आता पहिल्या काही दिवसांविषयी, कारण पुढे कधी तुमच्यावर किंवा घरातल्या कोणावर ही वेळ आली तर ते उपयोगी पडेल. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे चार शब्दांचे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये रूढ केले, आणि 2014 मध्ये त्यांनीच सांगितले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्याची क्रिया लांबू शकते. दाह ही दुरुस्तीची सुरुवात असते, आणि ती पूर्ण दाबून टाकण्यात शहाणपण नाही. दुखणे असह्य असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावण्यास माझी हरकत नाही. त्याने दुखणे कमी होते, लिगामेंट लवकर भरत नाही, एवढे मात्र माहीत असावे. पहिले एक-दोन दिवस पाय जपावा, उंच ठेवावा, बँडेजचा माफक दाब द्यावा. शेकू नये आणि चोळू नये. तिसऱ्या दिवसापासून, सोसेल तितका भार देत चालायला लागावे. कुबडी वापरावी लागली तरी पाऊल टाच ते बोटे असे नीट टेकवावे; लंगडण्याची सवय लागली की ती काढायला फार वेळ जातो.

एक्स-रे कधी काढावा, याचे नियम कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केले आणि ते आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर, टोकापासून सहा सेंटीमीटरपर्यंत, हाड दाबल्यावर दुखत असेल. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल. किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही लंगडत का होईना चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. नुसती सूज किती मोठी आहे यावरून हाड मोडल्याचे ठरत नाही.

हाच विचार इतर दुखापतींनाही लागू पडतो, तपशील तेवढे बदलतात. कंबरेत उसण भरली तर अंथरुणाला खिळून राहू नये. बहुतेकांची कंबर हिंडत-फिरत राहिल्याने काही आठवड्यांत सुधारते. टाचेमागच्या जाड कंडरेचे (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचे) जुनाट दुखणे विश्रांतीने तात्पुरते शमते आणि पळायला लागताच परतते. त्यासाठी स्वीडनचे हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेला क्रम प्रसिद्ध आहे: पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली नेणे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, प्रत्येकी 15 च्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. मांडीच्या मागच्या स्नायूला पळताना चमक बसते तिथेही ताकद वाढवल्याशिवाय नुसते ताणण्याचे व्यायाम पुरत नाहीत.

दुखापत टाळण्याच्या बाबतीत लोक बूट आणि पट्टे यांविषयी फार विचारतात आणि भाराविषयी फार कमी. माझ्यापुढे येणाऱ्या दुखापतींत वारंवार आढळणारी गोष्ट म्हणजे महिनाभराच्या खंडानंतर एकदम पूर्वीइतकाच खेळ. शरीराचे ऊतक भाराशी जुळवून घेतात, पण त्यांना आठवडे लागतात. दमसास लवकर परततो आणि कंडरा, लिगामेंट मागे राहतात, म्हणून दम लागत नाही याचा अर्थ पाय तयार आहेत असा होत नाही. खेळण्यापूर्वी दहा ते वीस मिनिटे हळूहळू वेग वाढवत पळणे, तोलाच्या आणि ताकदीच्या हालचाली, काही उड्या असा सराव करावा. फुटबॉलसाठी तयार केलेला ‘फिफा 11+’ हा सुमारे 20 मिनिटांचा क्रम याच धर्तीचा आहे आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी आढळल्या आहेत. खेळापूर्वी एकेक स्नायू मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरल्याने त्याची ताकद थोडा वेळ घटते, म्हणून तसे ताणणे खेळानंतर करावे. आणि झोप पुरी घ्यावी. दुखापत झालेल्या माणसाला मी व्यायामाइतकाच झोपेविषयी विचारतो.

काही लक्षणांत मात्र या उत्तरावर विसंबून घरी थांबू नका. पाय वेडावाकडा दिसत असेल, बोटे थंड किंवा बधिर पडली असतील. पोटरीत मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून चवड्यावर उभे राहता येत नसेल. विश्रांतीच्या काळात एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली असेल. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या खळग्यात दुखत असेल, जिथले मोडलेले हाड पहिल्या एक्स-रेत न दिसण्याची शक्यता असते आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. कंबरदुखीबरोबर लघवी अडली असेल किंवा बैठकीची जागा बधिर झाली असेल. अथवा डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या, गोंधळ किंवा वाढती डोकेदुखी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लघवी अडणे, बधिर थंड पाय आणि डोक्याच्या माराची लक्षणे यांत तर तासाभराचाही उशीर करू नये.

तुम्ही आज फक्त तीन मोजमापे घ्या आणि दोन्ही पायांचे आकडे कागदावर तारखेसह लिहा. सहा आठवड्यांनी तीच मोजमापे पुन्हा घेऊन मला कळवा; उड्या सुरू करायच्या की आधीचे काम आणखी लांबवायचे, हे त्या आकड्यांवरून सांगता येईल.